फलकावरचे आणि फलकाबाहेरचे : त्रिरश्मी व तेर येथील दोन संग्रहांविषयी

स्थानिक इतिहासाचे संग्रहालय कशासाठी असावे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. मुंबई, पुणे, नागपूर येथील मोठ्या संग्रहालयांची चर्चा होते, त्यांतील मूर्तींची छायाचित्रे ग्रंथांत छापली जातात, त्यांवर प्रबंध लिहिले जातात. उलट आडगावचे एखादे छोटे संग्रहालय म्हणजे जाता जाता पाहावयाची जागा, असा आपला समज असतो. वस्तुतः स्थिती याच्या उलट आहे. मोठे संग्रहालय कलेचा इतिहास सांगते. परंतु एखादे गाव दोन हजार वर्षांपूर्वी कसे नांदत होते, तेथे कोण राहत होते, काय विणत होते, कोणाला दान देत होते, हे सांगण्याची जबाबदारी शेवटी त्या गावच्याच संग्रहावर येऊन पडते. ती जबाबदारी कशी पार पडते आणि कोठे अपुरी राहते, याचा विचार करण्याच्या हेतूने आम्ही दोन ठिकाणे लागोपाठ पाहिली. त्यांपैकी एक आमच्या अंबडच्या समोरचा त्रिरश्मी डोंगर. दुसरे मराठवाड्यातील तेर. प्रस्तुत लेख त्या पाहणीतून निघालेला आहे.

त्रिरश्मीला संग्रहालय म्हणणे काहींना खटकेल. तेथे काचेची कपाटे नाहीत, नोंदवही नाही. तथापि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याच्या वाट्याला आलेले सर्वांत जवळचे आणि सर्वांत जुने संग्रहालय हेच आहे. पायऱ्या चढून वर आले की खाली महामार्ग, त्यापलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरे आणि दूरवर पसरलेले नाशिक शहर दिसते. वर एका रांगेत कोरलेली लेणी. रूढ गणना २४ लेण्यांची. २०२१ मध्ये पाण्याच्या चरांची सफाई चालू असताना आणखी तीन लेणी उजेडात आली. दीडशे वर्षांहून अधिक काळ अभ्यासक ज्या डोंगरावर ये-जा करीत आहेत, तेथेही माती दूर केल्यावर असे काही हाती लागते, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

या डोंगराचे वैशिष्ट्य असे की, त्याने आपले फलक स्वतःच लिहून ठेवले आहेत. शिलालेखांत त्याचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. त्याचेच संस्कृत रूप त्रिरश्मी. लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलेली त्यांची वाचने १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आली आणि पुढे फ्रेंच पंडित सेनार यांनी ते लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात संपादित केले. म्हणजे हे फलक वाचता येत नाहीत, असे नाही. तरीही बहुसंख्य प्रेक्षक ते न वाचता परततात. ‘पांडवलेणी’ हे नाव ऐकून आलेला माणूस कोणत्या लेण्यात कोणता पांडव राहत होता, एवढेच विचारतो. बुद्धमूर्तीला भीम आणि चैत्यगृहाला पांडवांचा वाडा म्हणून तो खाली उतरतो. यात त्याचा दोष थोडा आहे. वाचून दाखविणारे कोणी नसेल, तर दगडावरचे अक्षर ही नुसती रेघ ठरते.

ते वाचून दाखविले, तर काय घडते, याचा अनुभव आम्हाला आला. आमच्याबरोबर अंबडच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करणारा एक तरुण होता. क्रमांक १० च्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या लेखापुढे आम्ही उभे होतो. त्या लेखाचा आशय आम्ही त्याला सांगितला. उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिले. शिवाय ३००० कार्षापणांचा अक्षयनिधी दिला आणि तो गोवर्धन येथील श्रेणींकडे गुंतविला. पैकी २००० कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. केवळ व्याज वापरावयाचे. २००० च्या व्याजातून येथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. १००० च्या व्याजातून ‘कुशणमूल’ नावाचा खर्च भागवावयाचा. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

त्या तरुणाने तेथेच बोटांवर हिशेब केला. व्याज दरमहा धरले, तर २००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळला. लेखात ‘दरमहा’ हा शब्द नाही. तो अभ्यासकांनी याच हिशेबावरून निश्चित केला आहे. या तरुणाने पुस्तक न उघडता तीच वाट धरली. त्यानंतर त्याने जो प्रश्न विचारला, तो आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. “हा पैसा त्यांना खरोखर मिळत राहिला का? की दगडावर लिहिले तेवढेच?” कामगाराच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, कागदावरची रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांतील अंतर तो दरमहा पाहत असतो.

त्याच्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर देता येत नाही. परंतु अर्धे उत्तर त्याच डोंगरावर, क्रमांक ३ च्या लेण्याच्या ओसरीत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्यवर्ष १८ मध्ये गोवर्धन येथील अमात्याला आज्ञा पाठविली की, अपरकखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत तिरण्हूवरील भिक्खूंना द्यावे. नहपानाचे राज्य नुकतेच जिंकले होते; जिंकलेल्याच्या जमिनीतून दान देऊन नव्या राजाने आपला अधिकार जाहीर केला. त्या आज्ञेखालीच वर्ष २४ ची दुसरी आज्ञा कोरलेली आहे. ती गौतमीपुत्र आणि त्याची माता या दोघांच्या नावे आहे. तीत म्हटल्याचा सारांश असा : कखडी गावातील ते शेत कोणी कसत नाही, गावात वस्तीही राहिलेली नाही, सबब त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत.

सहा वर्षांत दानाची ही अवस्था झाली होती. राजाने दिलेली जमीन पडीक पडली, गाव ओस पडले आणि भिक्खूंच्या हाती काहीच लागले नाही. विशेष हे की, ही कबुली लपविलेली नाही. पहिली आज्ञा आणि तिचे अपयश दोन्ही एकाच भिंतीवर, एकाखाली एक कोरून ठेवली आहेत. नवे क्षेत्र जुन्याच्या निम्मे आहे, हेही कोणालाही वाचता येते. आपल्या काळातील किती संस्था आपल्या फसलेल्या योजनेची नोंद तिच्या उद्घाटनाच्या कोनशिलेखालीच करून ठेवतील? लेण्यांतील राजप्रशस्ती आपण आवडीने उद्धृत करतो. गौतमी बलश्रीने पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी कोरविलेली आपल्या पुत्राची स्तुती पाठ्यपुस्तकांत असते. वर्ष २४ ची ही लहानशी दुरुस्ती मात्र क्वचितच कोणी सांगतो. इतिहासाच्या दृष्टीने दोहोंचे वजन सारखे आहे, असे आम्ही मानतो. प्रशस्तीवरून राजाला स्वतःविषयी काय वाटत होते, हे कळते. दुरुस्तीवरून दानाचे प्रत्यक्षात काय झाले, हे कळते.

उषवदाताच्या लेखात आणखी एक शब्द आहे, त्याने हा लेख लिहिण्यास आम्हाला प्रवृत्त केले. हे सारे दान निगमसभेत ऐकविले गेले आणि ‘फलकवारात’ नोंदविले गेले, असे तो लेख सांगतो. म्हणजे दगडावर कोरण्यापूर्वी ते नगराच्या सभेपुढे वाचले गेले आणि दप्तरातील फलकांवर लिहिले गेले. ते लाकडी फलक केव्हाच नष्ट झाले, दगड उरला. परंतु त्या काळी गोवर्धनच्या नागरिकांसाठी खरा पुरावा फलकावरचा होता. आज संग्रहालयातील वस्तूखाली जी पट्टी लावतात, तिलाही आपण फलकच म्हणतो. सभेपुढे वाचला जावा, कोणालाही पडताळता यावा आणि चुकला तर दुरुस्त व्हावा, हा फलकाचा जुना धर्म होता. या कसोटीवर आजचे फलक किती उतरतात, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

आता तेरकडे वळू. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, एरिथ्रियन समुद्राचे वर्णन करणाऱ्या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो : भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, तेथून गाड्यांतून साधे कापड आणि तलम कापड बंदराकडे जाई. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावीत. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले आणि त्यानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे कझिन्स यांनी गावाची पाहणी केली. सामान्य महाराष्ट्रीयाला मात्र तेर ठाऊक आहे ते गोरा कुंभारांचे गाव म्हणून. ज्या गावची माती दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तिकारांनी साच्यात दाबली, त्याच गावी पुढे माती तुडविणारा संत व्हावा, हा योगायोग तेथे गेलेल्या प्रत्येकाच्या मनात येतोच.

येथील संग्रहालय रामलिंगअप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखले जाते. ते तेरचेच. गावाच्या परिसरात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमविल्या, जपल्या आणि पुढे हा संग्रह राज्य शासनाच्या देखरेखीखाली आला. कोणा विद्यापीठाच्या वा सरकारच्या योजनेतून नव्हे, तर एका गावकऱ्याच्या आस्थेतून हे संग्रहालय उभे राहिले, ही गोष्ट आधी कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. त्यांनी या वस्तू उचलल्या नसत्या, तर त्या नांगराखाली चुरडल्या असत्या किंवा दलालांच्या हातून परदेशी गेल्या असत्या. खाली आम्ही जी टीका करणार आहोत, ती ही कृतज्ञता गृहीत धरूनच.

संग्रहात सातवाहनकालीन जीवनाचे जे दर्शन घडते, ते लेण्यांत घडत नाही. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती येथे आहेत. त्यांतील स्त्रियांच्या केशरचना, कर्णभूषणे, वस्त्रांच्या चुण्या यांचे बारकावे पाहत राहावे असे. शंखाचे दागिने आहेत, काचेचे व दगडी मणी आहेत, भाजलेल्या मातीची भांडी आहेत. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत काढलेली पदके आहेत. दूरदेशीचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने त्याचा मातीतील ठसा गळ्यात घातला असावा. व्यापाराचा लाभ कोणाकडे गेला आणि कोणाकडे नुसती त्याची प्रतिमा पोहोचली, हे एवढ्या लहान वस्तूवरून ध्यानी येते.

आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिचे जवळचे साम्य असणाऱ्या मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या : जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि तेर. तेरच्या मूर्तीचे कालनिर्णयन करताना अभ्यासक पॉम्पेईचा आधार घेतात, कारण ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा तेथील मूर्ती त्यापूर्वीची असलीच पाहिजे. येथे थोडे थांबून विचार करावा. तेरच्या मातीतून निघालेल्या मूर्तीचा काळ हजारो कोसांवरच्या इटलीतील राखेवरून ठरवावा लागतो. तेरच्या मातीला तो का सांगता येत नाही?

याचे कारण संग्रहाच्या स्वरूपात आहे. उत्खननात माती थराथराने काढली जाते. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. ज्या थरात पुळुमावीचे नाणे मिळते, त्याच थरातील मूर्ती साधारण त्याच काळाची ठरते. शेजारी चूल असेल तर ते घर, भट्टी असेल तर ती कार्यशाळा. वस्तूचे निम्मे बोलणे तिच्या शेजाऱ्यांत असते. उलट पावसाने उघडी पडलेली, नांगराला लागलेली, मुलाने उचलून आणलेली वस्तू हाती येते, तेव्हा ती आपल्या शेजाऱ्यांपासून तुटलेली असते. लामतुरे संग्रहातील वस्तू प्रामुख्याने अशा पृष्ठभागावरील आहेत. त्या खऱ्या आहेत, सुंदर आहेत. परंतु त्या कोणत्या घरात होत्या, कोणाच्या हातात होत्या, हे सांगणारा थर त्यांच्यापाशी नाही. हा दोष जमविणाऱ्याचा नव्हे. ज्या काळात तेरकडे कोणी शास्त्रीय दृष्टीने पाहत नव्हते, त्या काळाची ती किंमत आहे. मात्र अशा वस्तूखालच्या फलकाने ही मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘सातवाहनकालीन’ एवढाच शब्द लिहिला की प्रेक्षकाला वाटते, सारे निश्चित झाले आहे. ‘गावाच्या परिसरात पृष्ठभागावर मिळालेली, काळ शैलीवरून’ असे लिहिले, तर त्याला वस्तूही कळते आणि ज्ञानाची सीमाही कळते. छोट्या गावांतील अनेक संग्रहांत फलक पाहताना ही उणीव आम्हाला जाणवत आली आहे. तेथे एक तर काहीच लिहिलेले नसते, किंवा गरजेपेक्षा अधिक ठामपणे लिहिलेले असते.

तेरचा प्रश्न बौद्ध वाचकांच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे, तो त्रिविक्रमाच्या मंदिरामुळे. विटांनी बांधलेली ही प्राचीन वास्तू मागील बाजूस चापाकृती आहे, तिचे छप्पर चैत्यकमानीसारखे गोलाकार आहे आणि पुढे नंतर जोडलेला मंडप आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत कझिन्स यांनी मांडले आणि वास्तुकलेच्या अनेक ग्रंथांत ते स्वीकारले गेले. आज तेथे त्रिविक्रमाची पूजा होते.

या वास्तूपुढे आमच्यातच वाद झाला. सोबतच्या एका उपासकांचे म्हणणे, ‘बौद्धांचे चैत्य बळकावले’ असा फलक येथे लावला पाहिजे. तो लावीत नाहीत, हाच इतिहासाचा अपलाप. त्यांच्या क्षोभामागचे कारण आम्ही जाणतो. पांडवलेणी हे नाव ज्यांनी जन्मभर ऐकले, आपल्याच वारशाला परक्या नावाने ओळखले जाताना पाहिले, त्यांच्या मनात हा संताप असणे अगदी रास्त आहे. तथापि पुराव्याच्या बाजूने पाहिले, तर त्या फलकातील एक शब्दही आज सिद्ध करता येत नाही. चापाकृती विधान ही केवळ बौद्धांची मिरास नव्हती. मथुरेजवळ सोंख येथील उत्खननात चापाकृती नागमंदिर मिळाले. आंध्रातील गुडीमल्लम येथील प्राचीन शिवमंदिराचे विधानही चापाकृती आहे. म्हणजे आकारावरून चैत्य असल्याची शक्यता बळकट होते, निश्चिती होत नाही. आणि ‘बळकावले’ हे तर त्याहून पुढचे विधान आहे. वास्तू रिकामी पडल्यावर तिचा उपयोग बदलला, की माणसांना हुसकावून बदलला, हे सांगणारा लेख वा थर समोर नाही.

मग तेर बौद्ध नव्हते काय? होते, आणि त्याचा पुरावा त्रिविक्रमाच्या भिंतीवर अवलंबून नाही. तेर येथील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. ते शास्त्रीय रीतीने, थरांसह, नोंदींसह मिळालेले आहेत. भक्कम पुरावा हाती असताना डळमळीत पुराव्यावर सारा भार टाकणे, हे आपल्याच बाजूचे नुकसान करणे होय. उद्या कोणी त्रिविक्रमाविषयीचे मत खोडून काढले, तर सामान्य माणूस म्हणेल, तेरमधील बौद्धांची सारी कथाच खोटी. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचा मथितार्थ आपण सभांतून सांगतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. हीच कसोटी आपल्याला प्रिय असलेल्या मतालाही लावली पाहिजे. ते उपासक शेवटपर्यंत आमच्याशी सहमत झाले नाहीत, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. “तुम्ही पुरावा मागता, आणि ज्यांनी नाव बदलले त्यांनी कोणता पुरावा दिला होता?” असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला आमच्यापाशी एवढेच उत्तर होते, की त्यांनी दिला नाही, म्हणूनच आपण द्यावयाचा.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांविषयी. तेरच्या संग्रहात लज्जागौरी प्रकारच्या मातृदेवता आहेत, स्त्रीमूर्ती आहेत. आमच्यापैकी काही जण या कपाटांपुढून भराभर पुढे गेले. त्यांना स्तूप आणि धम्मचक्र हवे होते. परंतु ज्या नगरात स्तूप उभा होता, त्याच नगरात या मूर्तीही होत्या. भिक्खूंना भिक्षा घालणारी गृहिणी घरात कोणत्या देवतेपुढे दिवा लावीत होती, हे जाणून न घेता त्या भिक्षेचा इतिहास कसा लिहिता येईल? त्रिरश्मीवर तरी काय दिसते? तेथील दात्यांत राजकुल आहे, लेखक आहे, गृहपती वीर नावाचा व्यापारी आहे, मुगुदास नावाचा दासक म्हणजे मच्छीमार आहे, उत्तरेकडील दत्तामित्री नगरातून आलेला धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा यवन आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता ही शक उपासिका आजारी भिक्खूंच्या औषधासाठी श्रेणींकडे निधी ठेवते. त्यांत तेल गाळणारे आहेत, जलयंत्रे चालविणारेही आहेत. आणि उषवदात त्याच लेखांत ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही गणना करतो. संघाचे जीवन अशा मिश्र समाजावर उभे होते. तो समाज कापून केवळ संघ दाखविणे, हीदेखील पृष्ठभागावरून वस्तू उचलण्याचीच एक तऱ्हा होय.

दोन्ही ठिकाणे एकत्र ठेवली, की चित्र असे दिसते. त्रिरश्मीपाशी जागा आहे, शब्द आहेत. परंतु कोष्ट्यांचा माग, भिक्खूचे भांडे, गोवर्धनची बाजारपेठ, यांतील काही नाही. तेरपाशी हातात धरता येणाऱ्या वस्तू आहेत. परंतु त्यांच्या धन्यांची नावे नाहीत. एकाला वस्तू हव्यात, दुसऱ्याला शब्द. स्थानिक संग्रहालयाचे काम हे दोन तुटलेले भाग, न सांधता येणारी फट न लपविता, शेजारी शेजारी ठेवणे, हे आहे.

नाशिक परिसरात असे होऊ शकते, याचे एक उदाहरण हाताशी आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. १३,००० हून अधिक नाणी, सारी नहपानाची. त्यांतील सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. अशा नाण्यावर खालचा मुखवटा आणि वरचा चैत्य व उज्जैन चिन्ह एकाच वेळी दिसतात. क्रमांक १० चा लेख, क्रमांक ३ ची आज्ञा आणि हे एक नाणे शेजारी ठेवले, तर गोवर्धनातील सत्तांतर शाळकरी मुलालाही समजेल. त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे नाणेसंग्रहालय आहे. नाणे कसे पाडले जाते, ठसा कसा उमटतो, हे तेथे पाहावयास मिळते. साधनांची उणीव नाही. ती एकमेकांपासून दूर आहेत आणि त्यांना जोडणारा धागा कोणी ओवलेला नाही, एवढेच.

तेव्हा त्रिरश्मीच्या पायथ्याशी, अंबडच्या बाजूस, एक लहानसे स्थानिक संग्रहालय व्हावे, अशी आमची सूचना आहे. ते भव्य असण्याची गरज नाही. एका भिंतीवर ३००० कार्षापणांचा हिशेब मराठीत, मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या भिंतीवर राजाची वर्ष १८ ची आज्ञा आणि तिच्याखाली वर्ष २४ ची दुरुस्ती. जोगलटेंभीच्या नाण्याची प्रतिकृती. लेण्यांचा नकाशा, २०२१ च्या तीन लेण्यांसह. ‘पांडवलेणी’ हे नाव कसे रूढ झाले, याची राग न धरता केलेली मांडणी. आणि शेवटच्या दालनात जवळचा काळ : १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३५ ची येवल्याची घोषणा, दिंडोरीकडच्या आंबे गावातून आलेले दादासाहेब गायकवाड, आणि औद्योगिक वसाहत येण्यापूर्वीच्या अंबडची शेते, तेथील घराघरांत उरलेली अवजारे. गोवर्धनच्या श्रेणींपासून अंबडच्या कारखान्यांपर्यंत या भूमीवर श्रम करणाऱ्यांचाच इतिहास आहे. तो एका छताखाली मांडता येईल.

तोपर्यंत आपल्या हाती एक साधे काम आहे. शेतात, पायाच्या खोदकामात, विहिरीच्या मातीत जुने खापर, वीट वा नाणे दिसले, तर ते उचलून घरी आणू नये. जागा, दिनांक, किती खोलीवर, शेजारी काय होते, हे आधी लिहून ठेवावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. गाडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे तर १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारातील वस्तूला हातही लावू नये. लामतुरे यांच्या काळी हे सांगणारे कोणी नव्हते; आज ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.

परतताना त्या कामगार तरुणाला आम्ही विचारले, संग्रहालय झाले तर फलक कोणी लिहावेत? तो म्हणाला, “कोणीही लिहा, पण चुकला तर खाली दुरुस्ती लिहायला जागा सोडा.” राज्यवर्ष २४ ची आज्ञा कोरणाऱ्यालाही पहिल्या आज्ञेखाली ती जागा मिळाली होती.